चालेल म्हणणाऱ्या माणसाची गाडी

आमच्या ह्यांच्या तोंडात एक शब्द कायमचा मुक्कामाला आहे. चालेल. आमटीत मीठ जास्त पडलं, चालेल. विमान सहा तास लेट, चालेल. लेकीने चांगली नोकरी सोडून टेक्सासला केक करायला घेतले, तेही चालेल. पुण्यात जन्मून तक्रार करता न येणारा हा एकमेव माणूस असावा, आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला. लग्नाआधी हे मला बघायला कोल्हापूरला आले, चहा पिऊन परत गेले, आणि दोन दिवसांनी ह्यांच्या काकांचा फोन आला, "मुलगा म्हणतोय, चालेल." एकोणतीस वर्षं झाली, तो निरोप मला अजून गिळता आलेला नाही.

कारण आमच्या माहेरी हा शब्द म्हणजे शिवी होती. माझ्या वडिलांची, अण्णांची, उसाच्या ट्रॉल्या बनवायची शेड होती. शेडमधल्या कुणी जोड बघून "चालतंय की" म्हटलं, की अण्णा हातातलं काम टाकून उठायचे. "ट्रॉली उलटली तर खाली माणूस असतोय," एवढंच म्हणायचे आणि जोड तोडून परत करायला लावायचे. आई ओरडायची, पोरीच्या जातीला हे कशाला, पण मी बारावीपर्यंत सरळ रेघेत वेल्डिंग मारायला शिकले होते. मग लग्न झालं, अमेरिकेतल्या कॅरी गावाला आले आणि पुढची सगळी वर्षं एलिमेंटरी शाळेच्या ऑफिसात फॉर्म तपासले. वेल्डिंगचा विषय कुणी काढला नाही, मीही नाही.

दोन वर्षांपूर्वी ह्यांच्या कंपनीने ह्यांना घरी बसवलं. तेव्हाही हे "चालेल" म्हणाले, पण या वेळी आवाज वेगळा होता. महिनाभर सोफ्यावर बसून राहिले. मग एका रविवारी ट्रेलरवर लादून एक गाडी घेऊन आले. दोन सीटची, उघडी, लांब नाकाची आणि लालभडक. कॉलेजात असताना कुठल्याशा मासिकात असल्या गाडीचा फोटो बघितला होता म्हणे. तीत बसून, वारा खात, ब्लू रिजच्या डोंगरातून जायचं, एवढीच इच्छा. "आणि शेजारी तू," असंही म्हणाले.

ही किट कार. म्हणजे फायबरचं अंग नि सुटे भाग खोक्यातून मागवायचे, इंजिन एखाद्या जुन्या गाडीतून काढायचं आणि घरच्या घरी जुळवायचं. ज्या सद्गृहस्थाने ही जुळवली होती त्याने खालची चासी, म्हणजे लोखंडी सांगाडासुद्धा स्वतःच जोडला होता. हे नव्या सीट कव्हरांचे रंग बघत होते, तोवर मी टॉर्च घेऊन गाडीखाली गेले. आणि माझे डोळेच पांढरे झाले. वेल्डिंग कसलं, शेण थापलं होतं नुसतं! वरून फुगलेलं, आत पाईपला धरलेलंच नाही. पुढच्या चाकाचा ब्रॅकेट चार टाक्यांवर उभा होता. सीटबेल्टचे बोल्ट लोखंडात नव्हते, नुसत्या फायबरच्या तळात बसवून खाली एकेक वॉशर लावला होता. धडक बसली असती तर बेल्ट, बोल्ट आणि नवरा, तिन्ही एकदमच उडाले असते.

"अगं, इतकी वर्षं उभी आहे ती, चालेल," हे वरून म्हणाले.

"उभी आहे म्हणून बरीय! चालली की मरणार आहात तुम्ही त्यात!" मी गाडीखालून ओरडले. ओरडताना गंजाचा भुगा तोंडात गेला.

मला खरंच भीती वाटली होती. गाडीची हौस फिटो न फिटो, हा माणूस मला जिवंत हवा होता. मी तिथेच सांगून टाकलं, मी हो म्हणेपर्यंत ही गाडी गराजच्या बाहेर जाणार नाही. हे काय म्हणाले असतील ते सांगायला नकोच.

मग मी कम्युनिटी कॉलेजात शनिवारच्या वेल्डिंगच्या क्लासला नाव घातलं. लेकीला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "आई, आर यू सीरियस?" मी म्हटलं, तुझ्या बापाला विचार. बापाने काय उत्तर दिलं असेल, तेवढं मराठी तिलाही येतं.

पहिल्या दिवशी रेघ वाकडीतिकडी गेली. तिसऱ्या शनिवारी सर माझी लाईन बघून कुठे शिकलीस म्हणून विचारायला लागले, आणि मी घरी येईपर्यंत गाडीत एकटीच हसत होते. उन्हाळाभर गराज म्हणजे अण्णांची शेड झाली. बॅटरी सोडवली, पेट्रोलची टाकी काढून अंगणाच्या पार टोकाला ठेवली, फायबरचं अंग दोघांनी मिळून उचलून स्टँडवर ठेवलं. मी जुने जोड ग्राइंडरने साफ करायची, कोपऱ्यात तिकोनी पट्ट्या बसवायची आणि परत वेल्ड मारायची. ग्राइंडरच्या आवाजाबद्दल एचओएचं, म्हणजे आमच्या वसाहतीच्या सोसायटीचं, पत्र आलं. ह्यांनी नम्र उत्तर लिहिलं आणि पत्र घेऊन आलेल्या बाईंना चकल्या दिल्या. पुढचं पत्र आलं नाही.

जोड तपासायची अण्णांची एक रीत होती. वेल्ड गार झाला की त्यावर रॉकेल लावायचं, थोडं थांबायचं, कोरडं पुसायचं आणि वर खडू घासायचा. कुठे तडा असेल तर आत शिरलेलं रॉकेल हळूहळू बाहेर येतं आणि पांढऱ्यावर ओली रेघ उमटते. लेक लहानपणी ड्राइव्हवेवर ज्या जाड खडूंनी चित्रं काढायची, त्यांचा अर्धा डबा गराजमध्ये सापडला. हे शेजारी खुर्ची टाकून बसायचे, हवी ती पट्टी हातात द्यायचे आणि प्रत्येक जोडाला न बघता "चालेल" म्हणायचे. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

आता माझी चूक सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

डॉक्टरांनी ह्यांना रोज चालायला सांगितलंय. सकाळी उठले की दारात येऊन विचारतात, "एक चक्कर मारून येतो, चालेल?" मी चालेल म्हणते, हे जातात. एका शनिवारी क्लासला सुट्टी होती; मी थालीपीठ थापत होते, कानाला फोन होता, पलीकडून बहीण कोल्हापुरातल्या कुठल्याशा लग्नाचं सांगत होती. दारातून आवाज आला, "एक चक्कर मारून येतो, चालेल?"

"चालेल," मी म्हटलं. वळूनसुद्धा बघितलं नाही.

इंजिनाचा आवाज आला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, शेजाऱ्यांचं गवत कापायचं मशीन असेल. मग लक्षात आलं, आवाज आमच्याच गराजमधून येतोय. आदल्या दिवशी इंजिन चालू होतं का बघायला टाकी, बॅटरी आणि सीट तात्पुरती बसवली होती, पण स्टिअरिंगचा दांडा ज्या ब्रॅकेटवर तोललेला असतो, तो अजून जुनाच होता. सोमवारी करणार होते मी तो! फोन तसाच टाकून, पिठाच्या हाताने, अनवाणी धावले. अंगाशिवायची, नुसत्या सांगाड्याची गाडी गल्लीच्या टोकाला वळण घेत होती. ह्यांचा हात वर झाला, मला टाटा करायला. तेवढ्यात खट्‌ असा आवाज आला, स्टिअरिंग ह्यांच्या मांडीत कोसळलं आणि गाडी सरळ कोपऱ्यावरच्या घराच्या लेटरबॉक्सवर जाऊन आदळली.

वेग काही नव्हता. छातीला मुका मार, कोपराला खरचटलं, बाकी काही नाही. पण ते कळेपर्यंत मी जे धावले ते आयुष्यात धावले नव्हते. ह्यांना बाहेर ओढलं, हातपाय हलतात का बघितलं, जीव भांड्यात पडला आणि मग तोंडाचा पट्टा सुटला. अक्कल गहाण टाकली होती का? नंबरप्लेट नाही, ब्रॅकेट नाही, शरम नाही! हे लॉनवर बसून सगळं ऐकत होते. माझा दम संपल्यावर हळूच म्हणाले, "तुला विचारलं होतं मी. तू चालेल म्हणालीस."

मी शेजारी बसले. खरंच म्हणाले होते मी. ह्यांना गाडीची चक्कर म्हणायची होती आणि मी पायांची समजले. पण त्याने काही मनाचं समाधान होईना. अण्णांची मुलगी मी, आणि न बघता चालेल म्हटलं, आणि खाली माझाच माणूस होता. लॉनवर बसून भोकाड पसरून रडले. कोपऱ्यावरच्या आजोबांनी पाणी आणून दिलं. लेटरबॉक्स मोडल्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत बिचारे.

दुसऱ्या दिवशी चहा झाल्यावर हे गराजमध्ये आले, पण खुर्चीवर बसले नाहीत. गुडघे धरत खाली बसले आणि म्हणाले, "ते खडूचं मला शिकव."

शिकवलं. पुढचे दोन महिने मी जोडत गेले आणि हे तपासत गेले. रॉकेल किती वेळ ठेवायचं, पुसायचं कसं, सगळं मन लावून केलं. ढोपरावर रॉकेलचे डाग, मिशीत खडू. माझ्या सगळ्या जोडांवर पांढरं कोरडंच राहिलं, आणि प्रत्येक वेळी हे म्हणायचे, "चालेल." फक्त आता बघून म्हणायचे. मला तेवढंही पुष्कळ वाटायला लागलं होतं.

ऑक्टोबर आला. डोंगरात पानं लाल झाल्याचे फोटो लोक टाकायला लागले. शेवटचं काम उरलं होतं, माझ्या बाजूच्या सीटबेल्टची पट्टी चासीला जोडायची. तळात अवघडून, मान वाकडी करून मी ती जोडली. कंबर मोडली होती, वैताग आला होता. वरून जोड झक्क दिसत होता. "झालं एकदाचं! उद्या अंग बसवू, इन्स्पेक्शन करून घेऊ आणि निघू," मी म्हटलं.

हे खाली बसले. जोड गार होऊ दिला. रॉकेल लावलं, थांबले, पुसलं, लेकीच्या डब्यातला पांढरा खडू घासला. मग चष्मा कपाळावर ढकलून नाक अगदी लोखंडाला टेकेपर्यंत वाकले. मीही वाकले. पट्टीच्या कोपऱ्यात केसाएवढी ओली रेघ उमटत होती. घाईत मी तिथे नीट थांबले नव्हते.

"एवढीशी तर आहे," मी म्हटलं. देवाशप्पथ, हे मीच म्हटलं.

"नाही चालणार," हे म्हणाले.

हा शब्द ह्यांना येतो हेच मला माहीत नव्हतं.

"इथे तू बसणार आहेस," खडूने त्या रेघेभोवती गोल काढत हे म्हणाले. "तोड आणि परत कर. पानं पुढच्या वर्षीही लाल होतील."

चालेल म्हणून पसंत केलेली बायको मी. मी वेल्डिंगचं हेल्मेट आधीच खाली ओढलं, डोळे पुसायला त्याच्या आत हात जाईना तरी तसंच ठेवलं, आणि ग्राइंडर मागितला.