बुजवलेली भोकं

लष्कराच्या हेलिकॉप्टरला जखमी सैनिकाचं स्ट्रेचर बाहेरून अडकवायचं, त्यासाठी लोखंडी पत्र्याच्या दोन ब्रॅकेट बनवायच्या. काम म्हणाल तर एवढंच. पण त्या एवढ्याशा कामाने माझा जीव मेटाकुटीला आणला.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. कोलशेतला ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात मी नकाशे काढणारा ड्राफ्ट्समन होतो, तोही सहा महिन्यांच्या बोलीवर. मालकांनी स्वच्छ सांगितलेलं, "हे काम पास झालं तर तुम्ही कायम. नाहीतर रामराम!"

अट एकच होती. जोडी दहा पौंडांच्या वर जाता कामा नये. आता ट्रकवाल्यांना वजनाचं काय सोयरसुतक? पत्रा जाड घ्या, काम फत्ते! मी आठ दिवस डोकेफोड केली आणि जिथे जोर येत नाही तिथे वाटीच्या तोंडाएवढी चौदा भोकं पाडून घेतली. शनिवारी सकाळी जोडी नऊ पौंड भरली. अर्धा दिवस भरून मी सायकलवर टांग टाकली आणि टेंभी नाक्याला घरी येऊन ताणून दिली.

सोमवारी येऊन बघतो तर काय, भोकं गायब! प्रत्येक भोकात चकती बसवून वेल्डिंग केलेलं, कानस मारून वर रंग लावलेला. बोट फिरवलं तरी सांधा लागू नये. जोडी तराजूत टाकली तर तेरा पौंड! आणि अकरा वाजता लष्कराचे साहेब तपासायला येणार.

हे उपद्व्याप आमच्या वेल्डर मिस्त्रींचे. कोलशेत गावातलेच, वयाने माझ्या वडिलांएवढे. माझं टाळकंच फिरलं. सगळ्या कामगारांसमोर मी ओरडलो, "तुम्हाला कोणी सांगितलेला हा शहाणपणा? अक्कल गहाण टाकलीत का?"

मिस्त्रींनी गॅस पेटवला आणि चौदाच्या चौदा चकत्या कापून काढल्या. साहेबांनी जोडी तोलली, ठोकून पाहिली आणि सही केली. मालकांनी माझी पाठ थोपटली. झालो कायम!

संध्याकाळी मिस्त्री हात धूत होते. माझा राग अजून धुमसतच होता. म्हटलं, "पण बुजवलीत कशाला हो?"

"आपल्या कामान चुकीचा भोक परला का आपुन बुजवतूच ना?" ते खालच्या आवाजात म्हणाले. "मना वाटला, तुमच्याकरून नकाशान चुकी झाली. मालकान बघितला तं तुमची नोकरी जाल. म्हनून शनवारी सगली गेल्यावर थांबलू. कोनाला बोललू नाय."

मी मात्र सगळ्यांसमोर बोललो होतो.