चार रिमोट आणि साडेसातचा फोन

माझ्या घरात रिमोट चार होते आणि माणूस एक. टीव्हीचा एक, सेट टॉप बॉक्सचा दुसरा, पाच स्पीकरवाल्या अॅम्प्लिफायरचा तिसरा आणि पेनड्राइव्ह लावायच्या प्लेअरचा चौथा. बायको एका सकाळी स्वयंपाकघरात पडली ती उठलीच नाही. त्यानंतर वर्षभराने मुलीने आणि जावयाने हे होम थिएटर जळगावच्या घरात आणून बसवलं. "नाना, तुम्हाला तेवढंच करमेल," मुलगी म्हणाली. मी म्हटलं, मला काय करायचीय घरात ती जत्रा? पण ऐकतं कोण! भिंतीला भोकं पाडून, वायरी पट्टीत घालून, दोन स्पीकर माझ्या खुर्चीच्या मागे टांगून दोघं धुळ्याला निघून गेली.

मागचे ते दोन स्पीकर फार वाईट. सिनेमात कुणी भांडं पाडलं की आवाज बरोबर स्वयंपाकघराकडून यायचा. पहिल्या आठवड्यात मी दोनदा उठून बघून आलो. आत कोण असणार? ओटा पुसलेला, गॅस बंद. परत येऊन बसलो आणि स्वतःवरच खेकसलो.

आता खरं ते सांगतो. मी वीज खात्यात चौतीस वर्षं सबस्टेशनला ऑपरेटर होतो. आधी बोदवडला, मग पारोळ्याला, शेवटी जळगावला. समोर स्विचांची भिंतच असायची, आणि चुकीचा फीडर, म्हणजे गावाकडे जाणारी वीजलाइन, चालू केला तर खांबावर चढलेला माणूस जायचा. अशा माणसाला टीव्हीचं इनपुट बदलता येत नाही, यावर शेंबडं पोरही विश्वास ठेवणार नाही. मुलीने ठेवला. निदान मला तसं वाटलं.

रोज संध्याकाळी साडेसातला मी धुळ्याला फोन लावायचो. "बाई, चित्र दिसतंय पण आवाज येत नाही गं." नाहीतर, "आवाज येतोय, चित्र गेलं." आमच्या खात्यात फोनवर हुकूम आला की तो परत म्हणून दाखवायची पद्धत होती. वरून सांगायचे, पारोळा फीडर बंद करा. आपण म्हणायचं, पारोळा फीडर बंद करतो. मग करायचं, आणि केला असं कळवायचं. एका कामाला तीन वाक्यं. ती सवय मी इथे वापरली.

"नाना, काळा रिमोट घ्या."

"काळा रिमोट घेतो. घेतला."

"त्यावर वरच्या कोपऱ्यात इनपुट लिहिलंय बघा."

"वरचा कोपरा बघतो. हां, दिसलं."

दोन मिनिटांचं काम पंधरा मिनिटं चालायचं. मागे नातीचे पाढे ऐकू यायचे, फोडणी चरचरायची, मधेच मुलगी कुणाला तरी "अगं थांब जरा" म्हणायची. मी डोळे मिटून ऐकत राहायचो. टीव्ही तर आधीच लावून, आवाज बंद करून ठेवलेला असायचा. लबाडी होती ती, सरळ सरळ लबाडी. पण दिवसभरात माझ्याशी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. दूधवाला पिशवी कडीला अडकवून जातो आणि शेजारचे मुलाकडे पुण्याला राहायला गेले. फोन ठेवताना मुलगी विचारायची, "जेवलात का?" मी म्हणायचो, "जेवतो आता." तिच्या आईचा विषय मात्र आम्ही दोघांनी कधी काढला नाही. तिला वाटायचं मी कोसळेन, मला वाटायचं ती.

मग एका रविवारी सकाळच्या गाडीने ती एकटीच आली. पिशवीत माझ्यासाठी भाकरीचं कळण्याचं, ज्वारी-उडदाचं पीठ होतं आणि एक नवा, लांबट रिमोट.

"हा युनिव्हर्सल आहे, नाना. चौघांचं काम हा एकटा करणार. एक बटण दाबलं की टीव्ही, बॉक्स, आवाज, सगळं आपोआप लागेल. तुमची कटकट संपली!"

कटकट कसली, साडेसातचा फोनच संपला. तोंडाने म्हटलं, "अरे वा."

ती जमिनीवर मांडी घालून बसली. टीव्हीचा नंबर सोबतच्या पुस्तकात होता. चार आकडे दाबले आणि टीव्ही लगेच ऐकायला लागला. बॉक्सचंही जमलं, प्लेअरचंही. अॅम्प्लिफायरचा नंबर मात्र कुठेच सापडेना. मग त्याचं काम नव्या रिमोटला शिकवायचं ठरलं. जुना आणि नवा तोंडाला तोंड लावून ठेवायचे, नव्याचं शिकायचं बटण दाबायचं आणि जुन्याचं एकेक बटण दाबत जायचं. शिकला तर हिरवा दिवा, नाहीतर लाल. लाल लागला. पुन्हा लाल. तिने बॅटऱ्या बदलल्या, तरी लाल.

कारण मला पाच मिनिटांत कळलं होतं. रिमोटला प्लास्टिकची पिशवी आपल्याकडे सगळेच घालतात. पण मी पडलो खात्यातला माणूस! आत धूळ जायला नको म्हणून पुढच्या टोकाला पिशवीच्या चार घड्या घालून वर चिकटपट्टी गुंडाळून ठेवलेली. टीव्हीसमोर तेवढ्याने भागत होतं, पण शिकायला बसलेल्या रिमोटला त्या घड्यांतून धड काही कळत नव्हतं. मी बोललो नाही. तो शिकला की ती जाणार, आणि उद्या साडेसातला मी विचारणार काय?

मी चहा केला. दुपारी भाकरी टाकली, वांगं भाजलं. तिने चार घास खाल्ले आणि परत त्या रिमोटला जाऊन भिडली. साडेतीन वाजले. साडेचारची गाडी तिला गाठायचीच होती, कारण दुसऱ्या दिवशी नातीची परीक्षा. "मेल्या, शीक की रे!" असं ती त्या रिमोटवर ओरडली तेव्हा मला हसू फुटलं. मग तिचे डोळे भरलेले दिसले.

"तुमच्यासाठी मला एवढंसुद्धा जमत नाही," ती म्हणाली.

तेव्हा मात्र राहवलं नाही. लेकीला रडवून कसली सोबत मिळवायची? मी जुना रिमोट उचलला, नखाने चिकटपट्टी सोडवली, पिशवी उतरवली आणि तिच्यापुढे ठेवला. "आता बघ." हिरवा दिवा लागला. आवाज वाढवायचं बटण, हिरवा. कमी करायचं, हिरवा. दहा मिनिटांत सगळं शिकून झालं. तिने माझ्याकडे एकदा नीट पाहिलं. पाया पडून स्टँडकडे निघाली.

सोमवारी साडेसातला मी ते एक बटण दाबलं. टीव्ही लागला, बॉक्स लागला, पाचही स्पीकर बोलायला लागले. नावं ठेवायला जागाच नाही. इतका संताप आला की रिमोट सोफ्यावर भिरकावला, तरीही तो चालूच! मंगळवारीही तसंच, बुधवारीही. फोन मांडीवर घेऊन बसायचो. काय सांगू? मला तुझा आवाज ऐकायचाय म्हणून? असं आमच्या घरात कोणी कधी बोललेलं नाही. फोनला कारण लागतं. लग्न, आजारपण, मयत, नाहीतर बिघाड. तिचाही फोन येईना. रिमोट दिला आणि सुटली एकदाची, असं म्हणून मी तिच्यावरही मनातल्या मनात चिडलो. पंधरा-सोळा दिवस असे गेले. एका संध्याकाळी गाडीवाल्याकडे मेथी मागताना घसा खरखरला, आणि लक्षात आलं, सकाळपासून हा माझा पहिला शब्द.

घरी आलो आणि फोन लावलाच.

"नाना? काय झालं? छातीत दुखतंय का? पडलात का कुठे?"

"नाही गं. बठ्ठं बरोबर शे." सगळं ठीक आहे म्हणायचं होतं, पण गडबडलो की माझ्या तोंडात गावाकडची बोली येते.

"मग रिमोट बिघडला का?"

हो म्हणता आलं असतं. जिभेवर आलंही होतं.

"रिमोट झकास चालतो," मी म्हटलं. "मला आधीसुद्धा सगळी बटणं येत होती. पहिल्या दिवसापासून. तुझ्याशी बोलायचं म्हणून फोन करायचो. हे घर खायला उठतं, बाई."

 "मला माहीत होतं," ती म्हणाली. "सबस्टेशन सांभाळलेला माणूस तुम्ही. आणि त्या रविवारी तर माझ्यासमोर दिवसभर तोंड मिटून बसला होतात."

"मग आणलास कशाला तो?"

"कारण वर्षभर आपण रोज पंधरा मिनिटं बोललो, नाना, आणि नुसती बटणं बोललो. आई गेली त्यावर तुम्ही माझ्याशी एक अक्षर काढलं नाहीत. मला वाटलं, बटणं संपली की दुसरं काही बोलाल. तर तुम्ही फोनच बंद केलात." तिचा आवाज फाटला. "मी रोज साडेसातला फोन हातात घेऊन बसते. बोला ना."

तिकडे ना फोडणी होती, ना पाढे. दार लावून आतल्या खोलीत बसली असावी. 

"त्या सकाळी," मी म्हटलं, "मी बाहेरच्या खोलीत बातम्या लावून बसलो होतो. आवाज मोठा होता. तुझ्या आईने हाक मारली असेल, बाई. मला ऐकू आली नाही."

हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं.  तिने फोन ठेवला नाही.