काकांची हातोडी आणि मावशीची वाळू

माझ्या मावशीच्या यजमानांनी जितक्या जुन्या जीपगाड्या पाहिल्यात तितक्या अख्ख्या जयपुरात कुणी पाहिल्या नसतील, आणि इतक्या पाहून इतक्या कमी कुणी विकतही घेतल्या नसतील. सात वर्षांत साठ-सत्तर तरी पाहिल्या. घेतल्या किती? एकही नाही! मुली बघत हिंडणारा एखादा चोखंदळ घोडनवरा असतो ना, तोसुद्धा यांच्यापुढे उतावळा ठरेल.

आता यात काकांचा स्वभाव किती आणि नोकरी किती, हे सांगणं कठीण. मूळचे भुसावळचे, जन्म गेला जयपुरात, रेल्वेत डबे तपासण्यात. गाडी लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकाचाकावर ठोकायचं, आवाज ऐकायचा, आणि शेवटी 'फिट' लिहून सही करायची. "एकदा सही केली की पुढं जे होईल त्याला पहिला जबाबदार मी," असं ते अजूनही सांगतात, आणि सांगताना उगाचच ताठ बसतात. निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना शाल, श्रीफळ आणि एक नवी कोरी हातोडी दिली. तिथंच घात झाला. कारण त्याच संध्याकाळी, चारचौघांसमोर, त्यांनी मावशीला शब्द दिला, "आता आपली स्वतःची जीप घेतो आणि तुला वाळूचे डोंगर दाखवतो. खालून नाही, पार वर नेऊन."

मावशीला वाळूचं वेडच. "पस्तीस वर्षं राजस्थानात काढली गं, आणि वाळू पाहिली ती फक्त घर बांधताना. तीसुद्धा खडे असलेली," असं ती येईल त्याला ऐकवायची. रेल्वेचा पास होता, जाता आलं असतं. पण काका म्हणायचे, "पासानं स्टेशनापर्यंत जाता येतं. वाळू स्टेशनावर येत नाही." झालं! जीपशिवाय वाळू नाही, आणि 'फिट' झाल्याशिवाय जीप नाही.

आमचे हे फौजेत. तीन वर्षांपूर्वी आमची बदली जयपूरला झाली आणि माझी रवानगी काकांच्या तपासणी पथकात झाली. राजा पार्कातल्या दुकानात पहिल्यांदा गेलो तो दिवस मी विसरणार नाही. दुकानदार म्हणाला, "अंकलजी, मॉडेल देखिए, बस तीन साल पुरानी है." काकांनी पिशवीतून हातोडी काढली आणि चाकावर टण्णकन ठोकली. तो बिचारा "अरे अरे, क्या कर रहे हो जी!" करत धावला. काका एव्हाना आत वाकून ब्रेकचं पेडल बघत होते. मीटर तीस हजार किलोमीटर सांगत होतं आणि पेडलाचं रबर झिजून गुळगुळीत झालेलं. "भैया, मीटर को सिखाया जा सकता है, पेडल को नहीं," म्हणून बाहेर आले आणि वहीत 'अनफिट' लिहिलं. गाडी पर्यटकांना टेकड्यांवर उड्या मारत फिरवून आणणारी होती म्हणे. वयानं पोर, पण हाडं खिळखिळी.

म्हणून मग काका किलोमीटरवाले झाले. साल गेलं चुलीत, चाललीय किती ते बघा! तशी एक मिळालीही. सिव्हिल लाइन्समधल्या एका बंगल्यात, कडुलिंबाखाली, कुण्या निवृत्त साहेबांची. पंधरा वर्षांत जेमतेम बारा हजार चाललेली. मी म्हटलं, सुटलो एकदाचे. तर टायरांना भेगा, रबरी नळ्या वाळून कडक, वायरी उंदरांनी खाल्लेल्या. काका बॉनेटवर हात ठेवून कितीतरी वेळ उभे राहिले. "उभी राहून राहून म्हातारी झाली गं बिचारी," म्हणाले, आणि पुन्हा सालवाले झाले. असं आलटून पालटून चालायचं. मावशी म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा पोहे संपायच्या आत होकार दिलात. तेव्हा कुठं होती ही हातोडी?" काका शांतपणे म्हणायचे, "तेव्हा मी ट्रेनिंगला होतो."

शेवटी मागच्या दिवाळीनंतर विश्वकर्मा भागातल्या एका वर्कशॉपमध्ये ती सापडली. ना फार जुनी, ना फार चाललेली. काका तीन तास तिच्याखाली होते. बाहेर आले ते ऑइलनं माखलेले, आणि म्हणाले, "फिट." मी दोनदा विचारलं. खिशातून पेन काढून त्यांनी वहीत चक्क सही केली. मावशी त्या दिवशी सोबत होती, नवी साडी नेसून. "चला, बसा," काका म्हणाले.

मावशीनं पाय उचलला. तो अर्ध्यावर जाऊन थांबला. तिनं दुसरा उचलून पाहिला, तोही तिथंच थांबला. "अहो, ही जरा उंचच आहे नाही?" असं हसून म्हणाली, पण गाडीचा दांडा तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. सात वर्षांपूर्वी हीच बाई रेल्वेत सगळ्यात वरच्या बर्थवर चढून झोपायची हो! काकांनी साठ-सत्तर गाड्यांचं बारीकसारीक सगळं पाहिलं होतं, आणि घरातले हे दोन गुडघे तेवढे बघायचे राहिले. त्यांनी हातातली वही मिटली. मला त्यांचा राग आला आणि त्याहून जास्त दया आली.

गाडी घेतली. मग काकांनी घरी बसून दोन पायऱ्यांचं लाकडी स्टूल केलं, चारी पाय हातोडीनं ठोकून बघितले, आणि त्यावरून मावशीला हाताला धरून चढवलं. चुरूकडच्या वाळूत गाडी खरंच पार वर गेली. मावशीला मात्र उतरवेना, वाळूत स्टूल रुतायला लागलं. तेव्हा काका डब्याच्या झाकणात वाळू भरून घेऊन आले आणि खिडकीतून तिच्या ओंजळीत ओतली. "किती मऊ हो," ती म्हणाली. "एकसुद्धा खडा नाही." मी तोंड फिरवून रडून घेतलं.

परवा आमच्या ह्यांच्या डोक्यात जुन्या जीपचं खूळ शिरलं. कागद घेऊन काकांकडे गेले, साल कुठलं बरं, किलोमीटर किती चालतील, सगळं वाचून दाखवलं. काकांनी ऐकून घेतलं. हातोडी भिंतीवर खिळ्याला टांगलेली होती, तिच्याकडे त्यांनी बघितलंही नाही.

"जावईबापू, गाडीत बसणार कोण?"

"आई येणार आहे गावाहून. येईल एक-दोन वर्षांत."

"अजून जिना चढतात?"

"चढते की."

"मग उद्याच घ्या," काका म्हणाले.