सौंसरची पाटी

बसवर सौंसरची पाटी दिसली आणि सत्तरच्या दशकातली एक दुपार आठवली. सुमन सौंसरची; तिला पाहायला आम्ही नागपुरात सक्करदऱ्याला तिच्या मामांकडे गेलो होतो. पोह्यांतल्या सांभाराचा, म्हणजे कोथिंबिरीचा, वास दरवळत होता. मला सुमन आवडली होती, पण माझी काकू अडून बसली.

"मध्यप्रदेशातली पोरगी काहून करायची?"

सुमन हळूच म्हणाली, "काकू, आमच्याकडे ताप आला तरी नागपूरले आणते. बांगड्याही इथंच भरते. मी परकी कशी?"

काकूला हसू आलं. लग्न ठरलं.

तेव्हा मला ते हजरजबाबी उत्तर वाटलं. आता वाटतं, ती नागपूरलाही आपलंच गाव म्हणत होती.

सुमन जाऊन वर्ष झालं. तिच्या भावाच्या नातीचं बारसं आहे, म्हणून बसमध्ये चढलो. तिकीट फाडत कंडक्टरनं विचारलं, "घरी चालले का, बाबूजी?"

"हो," मी म्हणालो.