अकरा मुठींवरचं नाव

गंजलेली पटाशी हातात आली की बाई तिची धार अंगठ्याच्या नखावर हळूच टेकवत आणि म्हणत, "गंज वरवरचा आहे. आतलं पोलाद जागं आहे." हे त्या इतक्या आनंदाने म्हणत की भंगारवाला तिथल्या तिथे भाव वाढवी. मग बाई एखाद्या ड्रमवर बसून डबा उघडत आणि त्याला अर्धं थालीपीठ देत. थालीपीठ संपेपर्यंत भाव खाली आलेला असे.

बाई आमच्या पनवेलच्या ऑफिसात टायपिस्ट. घरी एकट्या. पन्नाशीत त्यांना लाकडावर कोरीवकाम करायचं वेड लागलं. नवी हत्यारं त्यांना पसंत नसत. दुसऱ्या-चौथ्या शनिवारी सुट्टी असली की त्या कळंबोलीतली भंगाराची दुकानं पालथी घालत. तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. सुती साडी, पायात बूट, आणि ट्रकवाल्यांना हात दाखवून रस्ता ओलांडायची ती ऐट! मागे पिशवी घेऊन चालणारा तो मी.

एकदा दुकानदाराने गोणपाटाची गुंडाळी पुढे केली. "मॅडम, आपके लिए ही ठेवलंय." आत अकरा पटाश्या. चपट्या, गोल, काही तर नखाएवढ्या. त्याने त्या लोखंडाच्या वजनावर दिल्या. बाई डबा उघडायलाही विसरल्या.

रिक्षात त्यांनी मुठी पुसल्या. प्रत्येक मुठीवर तापल्या तारेने एकच नाव कोरलं होतं. खाली उरणकडचं एक गाव.

"हा माणूस असला तर?" त्या म्हणाल्या.

"बाई, आपण विकत घेतल्यात. चोरल्या नाहीत."

"अरे, पण त्याने विकल्यात का, ते आधी विचारून येऊ."

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या गावी गेलो. माणूस होता. होड्या बांधणारा म्हातारा सुतार, ओट्यावर बसलेला. गुंडाळी पाहून त्याने मुलाकडे पाहिलं. मुलाने मान खाली घातली.

"त्याचं काय चुकलं?" म्हातारा म्हणाला. त्याचे दोन्ही हात थरथरत होते. "आता हत्यार धरवत नाय मला."

"बाबा, या तुमच्या आहेत. ठेवून घ्या," बाई म्हणाल्या. पण गुंडाळीवरचा त्यांचा हात काही उचलेना.

ते बाबांच्या ध्यानात आलं. "कोरता काय तुमी?"

"प्रयत्न करते."

"मग दर रविवारी येत जा. हात तुमचे, डोळं माजे."

चार वर्षं बाई रविवारी तिकडे गेल्या. सोमवारी बोटाला पट्टी असे आणि टायपिंगमध्ये चुका. "काल बाबा चारदा ओरडले," असं साहेबांना ऐकू जाईल इतक्या अभिमानाने त्या सांगत.

निवृत्तीनंतर थोड्याच दिवसांत त्या आजारी पडल्या आणि दीड महिन्यात गेल्या. बाबांना कोण कळवणार? एका रविवारी मीच गेलो.

अंगणात मुलाच्या नव्या होडीची फळी ठेवलेली होती. तिच्यावर वेल कोरलेली, अर्धीच. मी सांगितलं.

"म्हनून आल्या नाय होय," बाबा म्हणाले. "मला वाटलं, मी लय बोललो म्हनून रागावल्या."

त्या ओरडण्याचा बाईंना किती अभिमान होता, ते मी सांगितलं. बाबांनी पंच्याने डोळे पुसले.

होडी पाण्यात सोडायच्या दिवशी मुलाने मला फोन करून बोलावलं. ती फळी पुढच्या टोकाला बसवली होती आणि वेल पुरी झाली होती. बाबांनी एका पानावर बोट ठेवलं. "हितवर बाईंची. फुडची माजी."

पुढच्या पानांच्या कडा वेड्यावाकड्या, थरथरत्या होत्या. ती कोरायला त्यांना दोन महिने लागले, मुलगा म्हणाला.

बायकांनी नारळ वाढवला. भरतीचं पाणी चढलं, होडी हलली. ती खाडीच्या तोंडाशी जाईपर्यंत बाबा उभे होते. बसा म्हटलं, तरी बसले नाहीत.