गावितमामांचा काढा

सातपूरच्या आमच्या कारखान्यात गावितमामा रोज जेवणाच्या सुट्टीत कँटीनच्या मागच्या दारी उभे राहत आणि आचाऱ्याकडून कांद्याची सालं पिशवीत भरून घेत. सुरगाण्याकडचा माणूस, ॲसिडच्या टाकीवर ऑपरेटर, शिक्षण नववी. मी एम.एस्सी., प्रयोगशाळेतला केमिस्ट. तरी मी त्यांच्यावर जळायचो, हे आता सांगायला हरकत नाही.

आमच्याकडे पोलादी तार ॲसिडमध्ये बुडवून तिचा गंज काढतात. ॲसिड गंज खाऊन थांबत नाही, खालचं पोलादही खायला लागतं. ते रोखायला आम्ही एक विषारी रसायन वापरायचो. त्याऐवजी झाडपाल्याचा अर्क चालेल का, हे शोधायचं काम मॅनेजरसाहेबांनी माझ्याकडे दिलं होतं. कडुनिंब, अडुळसा, शेवगा... दोन वर्षं मी पाला उकळत बसलो. एकदा मामा सहज म्हणाले, "कांद्याची सालं घ्या ना सर. त्यांचा डाग हाताला लय धरून बसतो, लोखंडाला पण धरंल."

मी हसलो. मामांनी माझ्या प्रयोगशाळेत स्वतःच काढा केला, ॲसिडमध्ये मिसळून त्यात पोलादाची पट्टी बुडवली. माझ्या सगळ्या पट्ट्या झिजल्या होत्या, त्यांची जवळजवळ होती तशीच निघाली. काटा बिघडला असेल म्हणून मी तीनदा वजन केलं. साहेबांनी मामांच्या पाठीवर थाप मारली आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. कँटीनमध्ये सगळे त्यांना शास्त्रज्ञ म्हणू लागले. त्यावर मामांचं ठरलेलं उत्तर, "म्या काय केलं? कांद्यानं केलं." त्याचाही मला राग यायचा.

मोठ्या टाकीवर चाचणी ठरली, तेव्हा मामा भाताच्या लावणीला गावी निघाले होते. त्यांनी कृती सांगितली, मी लिहून घेतली. दारातून वळून ते म्हणाले, "काढा त्याच दिवशीचा घ्या. शिळा आंबतो, मग कामाचा नाय."

मी मान डोलावली. तेवढं एक वाक्य कागदावर लिहिलं नाही. काढा चार दिवस कॅनमध्ये पडून राहिला, त्यावर बुरशी धरली. तो टाकीत ओतला तेव्हा मी शेजारीच उभा होतो. पाळी संपेपर्यंत सगळी तार भंगारात गेली.

मामा परतल्यावर साहेबांनी त्यांना माझ्यासमोरच फैलावर घेतलं. काढा शिळा असेल, असं मामा म्हणाले. साहेबांनी माझा कागद पुढे केला आणि यात तसं कुठे लिहिलंय ते दाखवा म्हणाले. मामांनी बोट फिरवत कागद शेवटपर्यंत वाचला.

"सर लिहिताना काय सोडत नाय, साहेब. मीच सांगायचा विसरलो असंन."

मी कागद परत घेतला आणि घडी करून खिशात टाकला. चाचणी पुन्हा झाली नाही, रसायनाचे ड्रम येत राहिले. पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी साहेबांनी बोलायला मलाच उभं केलं. मी त्यांच्या हजेरीबद्दल बोललो, स्वभावाबद्दल बोललो, काढ्याचं नाव काढलं नाही. मामा उठून एवढंच म्हणाले, "मी नववीचा माणूस. सरांनी मला प्रयोगशाळेत हात लावू दिला."

लाज वाटायला हवी होती. पण मी मान खाली घालून बसलो होतो आणि मला पुन्हा हेवाच वाटत होता, या माणसाला घरी जाऊन शांत झोप लागणार होती याचा.