वाचवलेली दोन पिंपं

आमच्या कारखान्यात त्याला सगळे ‘बिनचूक’ म्हणत. हे नाव त्याने स्वतःच कमावले होते. दर तिसऱ्या वाक्याला तो शब्द त्याच्या तोंडून यायचा. चुका नेहमी हाताखालची माणसे करत.

तो कॅटलिस्ट भरणाऱ्या टोळीचा मुकादम. आमचा रिअ‍ॅक्टर म्हणजे तीन मजली उंचीचे लोखंडी भांडे. त्यात चार हजार उभ्या नळ्या. अंगठा जेमतेम शिरेल एवढ्या रुंद आणि आठ मीटर लांब. या नळ्यांत मिऱ्याएवढे दाणे भरलेले असतात. त्यांना कॅटलिस्ट म्हणतात, आणि सगळी रासायनिक क्रिया त्यांच्याच जिवावर चालते. दोन-तीन वर्षांत दाणे निकामी होतात. मग कारखाना बंद ठेवून जुने ओढून काढायचे आणि नवे भरायचे.

भरण्याचा नियम सोपा आहे. एका नळीला मोजलेली एक पिशवी, आणि ती ओतायला पुरे एक मिनिट. घाई केली की दाणे मध्येच एकमेकांत अडकून कमान धरतात. खाली हातभर पोकळी राहते आणि वरून नळी भरल्यासारखी दिसते. यात न समजण्यासारखे काही नाही. पण ज्याला सगळे आधीच समजलेले असते, त्याला कोण समजावणार?

त्याच्या घरी मी एकदाच गेलो होतो. बाहेरच्या खोलीत तीन घड्याळे होती आणि तिन्हींत वेगळी वेळ. मी पाहतो आहे हे लक्षात आल्यावर त्याची बायको म्हणाली, “यांचं काही चुकत नाही हो, घड्याळंच चुकतात.” ती हसली नाही. तो मात्र खूश होऊन हसला.

त्याची पुतणी आमच्याकडे तपासणी विभागात होती. “आम्ही शिकवलं म्हणून इथवर आली,” असे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवी. वास्तविक तिच्या आईने लोकांचे कपडे शिवून तिला शिकवले. काकांनी त्या घराला दिला तो फक्त सल्ला, तोही न मागता.

यंदा भरण आले त्याच महिन्याच्या अखेरीस तो निवृत्त होणार होता. जाण्यापूर्वी त्याला एकच गोष्ट हवी होती: फाटकाजवळच्या भिंतीवर आपल्या नावाची पाटी. तेरा दिवसांचे भरण नऊ दिवसांत केले तर लावू, असे मोठे साहेब कधीतरी बोलून गेले होते. साहेब विसरले. याने मात्र भरण सुरू होण्याआधीच जाड फळीवर पाटी रंगवून घेतली.

मग काय, मिनिटाची पिशवी वीस सेकंदांत रिती होऊ लागली. प्रत्येक नळी वरून चार बोटे रिकामी ठेवायची असते. तेवढी सळई घालून पाहिली की सगळीकडे सारखी उतरे. काही पिशव्यांत दाणे उरत. ते तो बाजूच्या पिंपांत टाकायला लावी. विसांतून एक नळी हवेच्या दाबाने तपासायची पद्धत होती. त्यासाठी नळी कोणती घ्यायची, हे पुतणीला दाखवायचा मान काकांनी स्वतःकडे घेतला होता.

दहाव्या दिवशी सकाळी कॅन्टीनमध्ये तो खुर्ची सरकवून उभाच राहिला.

“मंडळी, नऊ दिवस! आणि वर दोन पिंपं माल वाचवला. स्टोअरवाले साहेब, जमा करून घ्या.”

स्टोअर माझ्याकडे. मी विचारले, “वाचला कुठून?”

“हाताची सफाई! दुसरं काय?”

पुतणीने कप खाली ठेवला. “काका, नळ्या तेवढ्याच, पिशव्या तेवढ्याच. मग माल उरला कसा?”

“अगं, कालची पोर तू. तुला काय कळतंय यातलं?”

“बरं, नाही कळत. मग कमी कुठे पडलं तेवढं सांगा.”

“नळ्यांनी उपास धरला असेल,” कोपऱ्यातून म्हातारा फिटर म्हणाला. त्यावर टेबले वाजली.

कोणी पकडले नसते. दोन पिंपं गुपचूप कोपऱ्यात राहिली असती तर पाटी लागलीही असती. पण फुशारकी मारायची संधी सोडणे या माणसाच्या रक्तातच नव्हते.

अर्ध्या तासात तो माझ्या खिडकीशी आला. आवाज एकदम मऊ. “तेवढी दोन पिंपं फुटका माल म्हणून दाखवा ना. आपलं काय जातंय?”

“माझं काही जात नाही,” मी म्हणालो, “म्हणूनच दाखवणार नाही.”

पुतणीने चारही हजार नळ्या तपासल्या. नळीत हवा सोडायची आणि काटा बघायचा. नीट भरलेली नळी हवेला अडवते, पोकळ नळी फारशी अडवत नाही. जी नापास, तिच्यावर लाल टोपण. चौथ्या दिवशी चारशे बारा लाल टोपणे झाली. तो तिच्या मागे-मागे फिरत होता.

“घरचा माणूस म्हणून तरी बघ गं. पाटी रंगवून आणलीय मी.”

“या नळ्या उद्या नको तिथे तापल्या तर घरचं-बाहेरचं बघणार नाहीत, काका. रिकाम्या करायला घ्या. पाटी असू द्या, गुडघ्याखाली होईल.”

तिने हे चेष्टेत म्हटले असेल. पण नळ्यांच्या तोंडांवर दिवसभर गुडघे टेकून बसावे लागते आणि त्या आठवड्यात फळ्या खरेच कमी पडल्या. त्याने पाटी आणली, अक्षरे खाली करून अंथरली आणि शोषक पाइप पहिल्या लाल टोपणाच्या नळीत घातला.

मी दुपारी वर गेलो तेव्हा तो धुळीने माखलेला होता. मला वाटले, आता तरी गप्प असेल. तो शेजारच्यांना सांगत होता, “चारशे बारा! एक नळी सुटली नाही तिच्या हातून. याला म्हणतात बिनचूक तपासणी. अखेर पुतणी कोणाची?”